दोन बोटं कापड

शाळेच्या मागच्या फाटकाला चिकटून माझं दुकान,
म्हणजे पत्र्याचा डबा, एक मशीन, एक स्टूल
आणि खिळ्याला टांगलेले उदगीरच्या तीन शाळांचे नमुने.
खाकी, निळा, आणि तो चौकड्यांचा,
ज्याच्या चौकडी शिवणीवर जुळवता जुळवता
माझ्या चष्म्याचा नंबर वाढला.

जूनमध्ये पोरं माझ्या हातून सारखी होऊन जातात.
दिवाळीनंतर परत येतात:
पँट खाली निमुळती करा, शर्ट कमरेत दाबा,
"मॅडमला कळायला नको काकू,
पण मुलींना कळलं पाहिजे."
एवढं बारीक माप टेपवर नसतं.

शनिवारी रंगीत कपड्यांची मुभा होती.
एकाचे बूट हैदराबादचे, एकाचं जाकीट
ऑक्टोबरच्या उन्हातसुद्धा अंगावरून उतरत नव्हतं.
आणि नववी ब मधल्या संगमेशला
दर शनिवारी ताप यायचा.
सोमवारी प्रार्थनेआधी उतरायचा.

मग पालकांची सभा झाली. माझी पोर सातवीत, मीही गेले.
आडतवाले बिराजदार उभे राहिले, म्हणाले,
माझ्या पैशानं माझ्या लेकीनं काय घालायचं
ते शाळा कोण सांगणार?
सर म्हणाले, गणवेशात सगळे सारखे.
टाळ्या दोघांनाही पडल्या.
मी मागच्या बाकावर गप्प.
सारखे? लांबून, हो.
जवळून मला कापड कळतं, मीटरला नव्वदचं की अडीचशेचं.
कुणाकडे एकच जोड आहे तेही कळतं:
रोज धुतलेल्या शर्टाचे काठ
बटणांच्या आधी दमतात.
हे सभेत कसं बोलणार? नावं घ्यावी लागली असती.

शनिवार बंद झाला.

त्याच आठवड्यात संगमेश आला.
मुठीत घामेजलेली चिंधी,
जुन्या बाजारातल्या फाटक्या टी-शर्टावरून कापलेली
नखाएवढी हिरवी सुसर, तोंड उघडं.
"शर्टाला लावून द्या."
मी खिशावर धरून बघितली.
"तिथं नको. आत. कॉलरच्या आत."
"आत कामून रे? कुणाला दिसंल?"
"कबड्डीच्या तासाला शर्ट काढून
खुंटीला लावूलालाव की आमी. तवा दिसतंय."

नियम मोडत नव्हता. मी वहीत शोधलं असतं
तरी सापडला नसता.
बारीक टाके घातले, हिरव्याच दोऱ्यानं.
पाच रुपये घेतले.
फुकट दिलं असतं तर त्याला समजलं असतं
मला काय काय समजलंय ते.

बिराजदारांची ईश्वरीही येऊन गेली एका संध्याकाळी.
लग्नाचा कुर्ता, मागे रुपेरी जरीचं नाव,
बापाचं न ऐकता म्हणाली, "काढून टाका."
"अगं, ह्याचेच तर पैसे पडले."
"टोचतंय."
केस बाजूला केले तर मानेवर
लाल चौकोन उमटलेला, बरोबर नावाएवढा.
मी ब्लेडनं एक एक टाका तोडला.
ते नाव अजून माझ्या टाचण्यांच्या डबीत आहे.
कशाला ठेवलंय, माहीत नाही.

जानेवारीत संगमेश आला. तालुक्याच्या संघात निवडला गेलाय,
आवाज फुटलाय, मिशीची रेघ.
"बघितली का रे कुणी तुझी सुसर?"
हसला. "न्हाई. कुणीच न्हाई.
सगळे आपापल्या शर्टाकडंच बघूलाले."
"मग काढू?"
हात नकळत मानेवर गेला.
"राहू द्या काकू. मला ठाऊक हाय ना."

मनगट दोन बोटं बाहेर आलं होतं.
मी बाही उसवली.
जूनमध्ये प्रत्येकाच्या बाहीत मी
दोन बोटं कापड आत दुमडून ठेवते,
न विचारता, हिशोबात न धरता.
ते उलगडलं. नवंकोरं निळं,
बाकीच्या शर्टाहून जास्त गडद.

पट्टा दिसणारच, मी म्हटलं.
"दिसू द्या," म्हणाला,
आणि स्टूलवर बसून राहिला, उघड्या अंगानं,
बाही होईपर्यंत.